शेपूट तुटलेला रिसेप्टर : एरो मॅन्त्यूरांता आणि त्याच्या घराण्याचं रक्त

१९६४ चं हिवाळी ऑलिम्पिक ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला झालं. स्कीवर लांब अंतर कापायच्या शर्यती जवळच्या झेफेल्डला होत्या. तिथे फिनलंडच्या एरो मॅन्त्यूरांताने १५ किलोमीटरची शर्यत जिंकली, आणि दुसरा आलेला स्पर्धक त्याच्या तब्बल ४० सेकंद मागे होता. या खेळात सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एवढी दरी सहसा पडत नाही. ३० किलोमीटरचं सुवर्णही त्यानेच नेलं. १९६० ते १९७२ या काळात तो चार ऑलिम्पिक खेळला. तीन सुवर्ण, दोन रौप्य आणि दोन कांस्य अशी सात पदकं त्याच्या नावावर आहेत. १९६२ आणि १९६६ मध्ये तो जागतिक विजेताही झाला.

त्याच्या रक्ताची कुजबूज मात्र खेळत असतानाच सुरू झाली होती. हिमोग्लोबिन कधी डेसिलिटरला २० ग्रॅमच्याही वर जायचं. निरोगी पुरुषाचं ते साधारण १३ ते १७ च्या दरम्यान असतं. आपल्याकडच्या कुठल्याही लॅबने असा आकडा दिसल्यावर नमुना पुन्हा मागवला असता. त्याचा चेहरा लालबुंद दिसायचा. स्वतःच्या शरीरात रक्त भरून घेऊन हा पळतो, असा संशय लोक घ्यायचे. या संशयाचा खुलासा व्हायला १९९३ साल उजाडावं लागलं, आणि तो खुलासा हेलसिंकीच्या प्रयोगशाळेतून आला. रक्तपेशी वाढत असताना बाहेरचा संदेश कसा ऐकतात आणि ऐकणं कुठे थांबवतात, हे माणसाच्या बाबतीत इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं थोडी आहेत. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहायला हवं.

रिपोर्टमधलं कोडं

मॅन्त्यूरांता फिनलंडच्या उत्तरेचा, लॅपलँडमधल्या पेल्लोचा. स्वीडनच्या सीमेला लागून, आर्क्टिक वृत्ताच्या आसपासचं हे गाव. असं रक्त एकट्या त्याचंच नव्हतं. हेलसिंकीच्या रक्तविकारतज्ज्ञ एवा युवोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या विस्तारित घराण्याची तपासणी केली, तेव्हा पंचवीसहून अधिक नातेवाइकांचं हिमोग्लोबिन चढं निघालं. पुरुषांत आणि स्त्रियांत, पिढीमागून पिढी. ज्याला आहे त्याच्या निम्म्या मुलांना, ज्याला नाही त्याच्या एकाही मुलाला नाही. सदोष जनुकाची एकच प्रत पुरेशी ठरते तेव्हा वंशावळ अशी दिसते.

हिमोग्लोबिन वाढायला कारणं पुष्कळ. उंच डोंगरावर राहणं, फुप्फुसाचा जुना आजार, जन्मजात हृदयदोष, घट्ट ऑक्सिजन धरून ठेवणारं हिमोग्लोबिन, मूत्रपिंडातली गाठ. या सगळ्यांत एक गोष्ट समान असते. ऑक्सिजन कमी पडतोय असं मूत्रपिंडाला वाटतं, किंवा गाठीसारख्या कारणाने ते उगाचच तसं वागतं, आणि एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक वाढतं. त्याला सगळे इपो म्हणतात. इपो वाढलं की हाडांतली मज्जा जास्त लाल पेशी बनवते.

या घराण्यात इपो वाढलेलं नव्हतं. ते सर्वसाधारण किंवा त्याहूनही कमी होतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स नेहमीएवढ्याच. म्हणजे मज्जेत सगळंच बेसुमार वाढतंय, असं नव्हतं. फक्त लाल पेशी, आणि त्याही आदेश कमी असताना. १९९१ मध्ये युवोनेन यांच्या गटाने या लोकांच्या मज्जेतल्या पूर्वपेशी तबकडीत वाढवून पाहिल्या. एरवी जेवढं इपो लागतं, त्याहून कमी इपोत त्यांच्या वसाहती उगवत होत्या. दोष आदेश देणाऱ्यात नव्हता, ऐकणाऱ्यात होता.

जगायला परवानगी लागते

लाल पेशी जन्माला कशी येते, हे समजल्याशिवाय पुढचं नीट उलगडत नाही.

मज्जेतल्या मूळ पेशीपासून लाल पेशीकडे जाणाऱ्या वाटेवर दोन ठळक टप्पे आहेत. पहिला बीएफयू-ई. ही पूर्वपेशी मुख्यतः स्टेम सेल फॅक्टरसारख्या दुसऱ्या वाढघटकांवर जगते. त्या घटकाचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश ऐकणारं पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, हे किट. दुसरा टप्पा सीएफयू-ई. इथे पेशीच्या पृष्ठभागावर इपोचे रिसेप्टर सर्वांत जास्त असतात. ‘सर्वांत जास्त’ म्हणजे तरी किती? एका पेशीवर साधारण हजाराच्या आसपास. वाढघटकांच्या कित्येक रिसेप्टरांशी तुलना केली तर ही संख्या अगदीच लहान आहे. पेशी रिसेप्टर बनवते भरपूर, पण त्यातले बहुतेक आतच अडकून राहतात.

या टप्प्यावर पेशीचा मूळ कल मरण्याकडे असतो. इपो मिळालं नाही तर ती काही तासांतच स्वतःला संपवायच्या वाटेला लागते. मार्क कौरी आणि मॉरिस बाँड्युरंट यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. इपो पेशीला तू लाल पेशी हो असं सांगत नाही. आधीच लाल पेशी व्हायला निघालेल्या पेशीला ते फक्त जगू देतं. १९९५ मध्ये बॉस्टनजवळच्या व्हाइटहेड संस्थेत हार्वी लोडिश आणि रुडॉल्फ येनिश यांच्या गटांनी इपो किंवा त्याचा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले. गर्भातले ते पिल्लू तेराव्या दिवसाच्या सुमारास रक्ताअभावी मेलं. पण त्याच्या यकृतात बीएफयू-ई आणि सीएफयू-ई दोन्ही सापडल्या. त्या बनल्या होत्या. पुढे जगल्या नाहीत, एवढंच.

आपल्या शरीरात सेकंदाला वीस लाखांहून जास्त लाल पेशी तयार होतात. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस टिकते. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा वेग ठरवायचा एक सोपा मार्ग शरीराने निवडलाय. पूर्वपेशी नेहमीच गरजेपेक्षा जास्त बनवायच्या, आणि त्यातल्या किती जगतील हे इपोवर सोडायचं. रक्तस्राव झाला की जास्त जगतात, आणि काही दिवसांतच उत्पादन वाढतं. म्हणूनच इपो-रिसेप्टरची संवेदनशीलता जराशी जरी बदलली तरी हिमोग्लोबिनचा आकडा हलतो. दुसऱ्या कित्येक पेशींत रिसेप्टरमधला एवढासा बदल कुणाच्या लक्षातही येणार नाही.

रिसेप्टर काय करतो

इपो मुळात हाती यायलाच फार कष्ट पडले. १९७७ मध्ये ताकाजी मियाके, चार्ल्स कुंग आणि शिकागोचे यूजीन गोल्डवासर यांनी ते शुद्ध केलं. त्यासाठी जपानमधल्या अप्लास्टिक अॅनिमियाच्या रुग्णांची २,५५० लिटर लघवी लागली, आणि हाती आलं ते मोजकेच मिलिग्रॅम. त्यातून १९८५ मध्ये इपोचं जनुक मिळालं. १९८९ मध्ये लोडिश यांच्या प्रयोगशाळेत अॅलन डी’अँड्रिया यांनी रिसेप्टरचं जनुक शोधलं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेलं इपो अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी औषध म्हणून आलं.

मानवी इपो-रिसेप्टर हा ५०८ अमिनो आम्लांचा. एक भाग पेशीबाहेर, एक पडदा ओलांडणारा, आणि उरलेली लांब शेपटी पेशीच्या आत. या रिसेप्टरला स्वतःची विकर-क्रिया (विकर म्हणजे एन्झाइम) नाही. किटसारखे काही रिसेप्टर स्वतःच्या आतच फॉस्फेट लावायचं विकर घेऊन येतात. हा तसा नाही. तो जॅक-२ नावाच्या विकरावर अवलंबून असतो. जॅक-२ शेपटीच्या पडद्याजवळच्या टोकाशी बांधलेलं असतं. इपोचा एक रेणू दोन रिसेप्टरांना एकत्र जखडतो, दोघांचे जॅक-२ समोरासमोर येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट लावून जागे होतात. मग ते शेपटीवरच्या टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लांवर फॉस्फेट लावतात. फॉस्फेट लागलेलं टायरोसिन म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना बसायची जागा.

सर्वांत महत्त्वाचं पाहुणं स्टॅट-५. ते पडद्याजवळच्या टायरोसिनवर बसतं, जॅक-२ कडून त्यालाही फॉस्फेट लागतं, मग जोडीने केंद्रकात जाऊन पेशीला मरणापासून वाचवणारी जनुकं चालू करतं. त्यातलं बीसीएल-एक्सएल हे लाल पेशीच्या दृष्टीने मोठंच. जोडीला फॉस्फोइनोसिटाइड काइनेजचा आणि रास प्रथिनाचा असे आणखी दोन मार्ग जागे होतात. जॅक-२ आणि इपो-रिसेप्टर यांचं नातं जेम्स आयली यांच्या गटाने दाखवलं ते १९९३ मध्ये, म्हणजे फिनलंडच्या शोधाच्याच वर्षी.

संदेश सुरू कसा होतो, हे एवढ्याने कळलं. माझं लक्ष जास्त वेधून घेतं ते पुढचं. इतकी कार्यक्षम यंत्रणा बंद कोण करतं? याचं उत्तर मिळायला आधी एक प्रयोग व्हावा लागला, तोही माणसाच्या रोगाशी काहीही देणंघेणं नसलेला. १९९१ मध्ये डी’अँड्रिया आणि लोडिश यांच्या गटाने उंदराच्या रिसेप्टरची शेपटी वेगवेगळ्या ठिकाणी छाटली आणि असे रिसेप्टर पेशींत घालून पाहिले. पडद्याजवळचा भाग काढला की पेशींना इपो ऐकूच येईना. पण शेपटीचं टोक, शेवटची ४० अमिनो आम्लं, काढली तर उलटंच घडलं; पेशी कमी इपोतही वाढू लागल्या. शेपटीच्या एका भागात चालना होती, दुसऱ्या भागात अंकुश, आणि दोन्ही भाग वेगळे होते. हा निबंध छापून आला तेव्हा नेमका असाच रिसेप्टर घेऊन लॅपलँडमध्ये माणसांच्या पिढ्या जगून गेल्या होत्या.

एक अक्षर

हेलसिंकी विद्यापीठाचे आनुवंशिकीतज्ज्ञ आल्बेर दे ला शापेल यांनी आधी वंशावळीवरून जागा शोधली. चढं हिमोग्लोबिन कुटुंबात ज्या वाटेने उतरतं, त्याच वाटेने १९व्या गुणसूत्रावरची इपो-रिसेप्टरच्या जनुकाशेजारची एक खूणही उतरत होती. मग त्यांनी जनुक वाचलं. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका ठिकाणी टीजीजी ऐवजी टीएजी. टीजीजी म्हणजे ट्रिप्टोफॅन, टीएजी म्हणजे थांबा. ४३९व्या स्थानावर प्रथिन बांधायचं थांबतं आणि शेवटची ७० अमिनो आम्लं लागतच नाहीत.

या जागेचा तपशील फार महत्त्वाचा आहे. जनुकाच्या मध्ये कुठेतरी अवेळी ‘थांबा’ आला तर पेशी तो आदेश ओळखते आणि संपूर्ण संदेशवाहक आरएनए नष्ट करते. मग त्या प्रतीचं प्रथिन बनतच नाही. पण हा बदल आठव्या, म्हणजे शेवटच्या एक्सॉनमध्ये आहे (जनुकातल्या प्रथिनाची माहिती देणाऱ्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात). तिथला अवेळी थांबा त्या तपासणीतून निसटतो, आणि छाटलेलं प्रथिन व्यवस्थित बनून पडद्यावर जातं. अशाच आजाराच्या इतर कुटुंबांत पुढे सापडलेले बदलही याच शेवटच्या एक्सॉनमध्ये एकवटले आहेत. हा योगायोग नाही. याच्या बऱ्याच अलीकडे अवेळी थांबा आला तर रिसेप्टर निकामी होतो, अतिसंवेदनशील होत नाही.

आता शेपटीवर उरलं काय आणि गेलं काय, ते पाहा. जॅक-२ बसायची जागा शाबूत. स्टॅट-५ चं मुख्य टायरोसिन शाबूत. चालना देणारं सगळं जवळच्या भागात आहे, आणि तो जसाच्या तसा राहिला. गेले ते दूरचे टायरोसिन. निम्मे रिसेप्टर धड आणि निम्मे छाटलेले असूनही परिणाम दिसतो. धड रिसेप्टरांवरचा अंकुश त्यांच्याच शेपटीला चिकटून काम करतो, छाटलेल्या शेजाऱ्याला आवरणं त्याला पुरेसं जमत नाही. म्हणूनच एकच प्रत पुरे.

मग हिमोग्लोबिन कुठेतरी थांबतं कसं?

या प्रश्नाकडे बहुतेक वर्णनं दुर्लक्ष करतात. मला मात्र तो या प्रकरणाचा गाभा वाटतो. रिसेप्टरचा अंकुश गेला, तर लाल पेशी वाढतच का जात नाहीत? मॅन्त्यूरांताचं रक्त घट्ट होतं, पण वर्षानुवर्षं एका पातळीभोवतीच राहिलं.

कारण छाटलेला रिसेप्टर इपोशिवाय जागा होत नाही. त्याला कमी इपो पुरतं, शून्य इपो पुरत नाही. लाल पेशी वाढल्या, मूत्रपिंडाला ऑक्सिजन मुबलक मिळू लागला, त्याने इपो कमी केलं. कमी इपोतही मज्जा काम करत राहिली, पेशी आणखी वाढल्या, इपो आणखी उतरलं. शेवटी एक पातळी येते जिथे इपो इतकं कमी असतं की या अतिसंवेदनशील पेशींनाही ते बेताचंच पडतं. तिथे यंत्रणा स्थिरावते. पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटची दांडी कुणी थोडी वाकवली तर टाकी नेहमीपेक्षा वरपर्यंत भरते, पण नळ बंद होतो तो होतोच. रुग्णाच्या रिपोर्टमधलं ‘हिमोग्लोबिन जास्त, इपो कमी’ हे विरोधाभासी वाटणारं वाक्य खरं तर या समतोलाचीच नोंद आहे. मूत्रपिंड आपलं काम चोख करत होतं.

याच्या शेजारी दुसरा बदल ठेवला की फरक लख्ख होतो. १९९० मध्ये लोडिश यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या रिसेप्टरमध्ये पेशीबाहेरच्या भागात १२९व्या स्थानी अर्जिनिनच्या जागी सिस्टीन आलेला एक प्रकार सापडला. त्या सिस्टीनमुळे दोन रिसेप्टर आपसांत रासायनिक बंधाने कायमचे जोडले जातात. इपोची गरजच उरत नाही. असा रिसेप्टर विषाणूमार्फत उंदरांत घातला, तेव्हा त्यांना नुसतं जास्त रक्त झालं नाही, पुढे रक्ताचा कर्करोगही झाला. एका बदलात संदेशाची लांबी वाढली, दुसऱ्यात संदेशाचा हुकूम देणाराच बाद झाला. दोन्हीचं वर्णन ‘रिसेप्टर जास्त सक्रिय’ असंच करता येतं, पण परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गेलेल्या सत्तर अमिनो आम्लांत काय होतं

पहिलं उत्तर एसएचपी-१ हे फॉस्फेट काढणारं विकर. १९९५ मध्ये उर्सुला क्लिंगम्युलर आणि लोडिश यांनी दाखवलं की ते शेपटीच्या दूरच्या एका टायरोसिनवर बसतं आणि जॅक-२ वरचं फॉस्फेट उतरवतं, म्हणजे संदेशाचं इंजिनच थंड करतं. ते टायरोसिन बदललं की जॅक-२ जास्त वेळ जागं राहतं आणि पेशींना कमी इपो पुरतं. ज्या उंदरांत एसएचपी-१ मुळातच नसतं, त्यांच्या लाल पूर्वपेशीही इपोला जास्त प्रतिसाद देतात. मॅन्त्यूरांताच्या छाटलेल्या शेपटीत ही जागा गेलेली आहे.

दुसरं उत्तर सॉक्स-३. याची गंमत अशी की ते इपोच्या संदेशामुळेच तयार होतं. स्टॅट-५ केंद्रकात जाऊन जी जनुकं चालू करतं त्यांत हेही असतं, आणि ते परत येऊन जॅक-२ ला रोखतं. पण बसायला त्याला शेपटीवरचे टायरोसिन लागतात, आणि त्यांतल्या काही जागा नेमक्या तुटलेल्या भागात आहेत.

तिसरं उत्तर सर्वांत उशिरा आलं, आणि मला ते सर्वांत पटतं. संदेश थांबवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे रिसेप्टरच आत ओढून नष्ट करणं. २००९ मध्ये लिली हुआंग यांच्या गटाने दाखवलं की इपो बसल्यावर रिसेप्टर आत खेचायला शेपटीच्या शेवटच्या टोकाजवळचे टायरोसिन लागतात. तिथे पी-८५ नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि रिसेप्टर आत घ्यायला मदत करतं. या आजारात सापडणारे छाटलेले रिसेप्टर नीट आत जात नाहीत. ते पृष्ठभागावर रेंगाळतात आणि संदेश देत राहतात. पेशीवर एकूण हजारच रिसेप्टर असतील, तर प्रत्येक रिसेप्टर किती वेळ बाहेर राहतो यालाच सगळा अर्थ येतो.

यांतलं नेमकं कोणतं कारण मॅन्त्यूरांताच्या रक्ताला सर्वांत जबाबदार होतं, याचा काटेकोर वाटा कुणी पाडून दाखवलेला नाही. मला तसा वाटा पाडण्यात फार अर्थही दिसत नाही. हे सगळे अंकुश एकाच शेपटीला टांगलेले आहेत, आणि एका ‘थांबा’ने सगळे एकदम गेले.

उंदरांनी इथे आणखी एक अनपेक्षित गोष्ट शिकवली. २००१ मध्ये आयली यांच्या गटाने दूरची शेपटी आणि सगळे टायरोसिन काढलेला रिसेप्टर उंदरांत बसवला. सगळ्यांना वाटलं होतं की हे उंदीर जगणार नाहीत. ते जगले, आणि रोजच्या गरजेपुरतं रक्तही बनवलं. पुढे दिसलं की रक्त अचानक कमी झालं की ते मागे पडतात; तातडीने उत्पादन वाढवायला स्टॅट-५ चं ते पडद्याजवळचं टायरोसिन लागतंच. त्याच वर्षी योसेफ प्रखाल यांच्या गटाने उंदरांचा स्वतःचा रिसेप्टर काढून त्याजागी मानवी रिसेप्टर बसवला. छाटलेला मानवी रिसेप्टर घेऊन वाढलेल्या उंदरांना घट्ट रक्त झालं. लॅपलँडच्या घराण्यातला रोग पिंजऱ्यात उभा राहिला.

शर्यत, आणि दवाखाना

जास्त लाल पेशी म्हणजे स्नायूंना जास्त ऑक्सिजन. पण घट्ट रक्त म्हणजे हृदयाला जास्त मेहनत, आणि एका मर्यादेपलीकडे गुठळीचा धोका. फिनलंडच्या घराण्यात हे प्रकरण निरुपद्रवी निघालं. बाधित नातेवाईक दीर्घायुषी होते. मॅन्त्यूरांता स्वतः ७६ वर्षं जगला आणि डिसेंबर २०१३ मध्ये गेला. इतर काही कुटुंबांत मात्र याच प्रकारच्या बदलांसोबत डोकेदुखी, चक्कर आणि गुठळ्या दिसल्या आहेत, आणि कधी कधी रक्त काढून पातळी खाली आणावी लागते. त्याचं एक यश पाहून सगळ्यांना निरोगी म्हणणं चूक ठरेल.

त्याने फसवलं का, या प्रश्नाला मी सरळ उत्तर देईन. ज्या रक्ताबद्दल त्याच्यावर संशय होता, ते त्याचं जन्मजात होतं. १९६४ मध्ये इपोचं इंजेक्शनही अस्तित्वात नव्हतं. शिवाय असं रक्त असलेले नातेवाईक अनेक, सुवर्णपदकं घेणारे मात्र अगदी मोजके. उरलेलं अंतर त्याच्या पायांनी आणि सरावाने कापलं. औषध म्हणून इपो बाजारात आल्यावर खेळात त्याचा गैरवापर सुरू झाला, आणि सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९७ मध्ये पुरुषांसाठी हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या वाट्याची, ५० टक्के मर्यादा घातली. अशी सरसकट मर्यादा निसर्गानेच घट्ट रक्त दिलेल्या माणसालाही अडवते. अशा वेळी त्याच्या हातात वैद्यकीय पुरावा असणं एवढाच न्याय्य मार्ग आहे.

दवाखान्यात आज हे प्रकरण रोज उपयोगी पडतं, अगदी पुण्या-मुंबईच्या रक्तविकार ओपीडीतही. हिमोग्लोबिन सतत चढं असलेला रुग्ण आला की पहिला संशय पॉलिसायथेमिया व्हेराचा, म्हणजे मज्जेत रक्तपेशी बेसुमार बनण्याच्या आजाराचा. २००५ मध्ये पॅरिस, केंब्रिज, बाझल आणि बॉस्टन इथल्या चार गटांनी त्यामागचा बदल सांगितला : जॅक-२ मध्ये ६१७व्या स्थानी व्हॅलिनच्या जागी फेनिलअॅलनिन. या रोगाच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो असतो. तो जन्मजात नसतो. मज्जेतल्या एका मूळ पेशीत नंतर घडतो. आणि जॅक-२ हे प्लेटलेट्स व पांढऱ्या पेशींच्या रिसेप्टरांसाठीही काम करत असल्यामुळे बहुतेकदा त्याही वाढतात. इपो इथेही कमीच असतं. म्हणून ‘इपो कमी’ एवढ्यावर निदान करता येत नाही. प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत का, प्लीहा वाढलीय का, आई-वडिलांचं किंवा भावंडांचं हिमोग्लोबिन कसं आहे, हे विचारायला हवं. जॅक-२ नकारार्थी, इपो कमी आणि घरात आणखी कुणाला असेल, तर इपो-रिसेप्टरच्या आठव्या एक्सॉनची तपासणी मागवावी. कुटुंबाचा इतिहास न विचारता कुणा तरुणाला रक्ताच्या कर्करोगाच्या जवळचं निदान ऐकवणं हे मला अक्षम्य वाटतं.

तेच छाटणं, वेगळी पेशी

२०१६ मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातून चार्ल्स मलिगन यांच्या गटाने एक निबंध प्रसिद्ध केला. तो वाचल्यापासून लॅपलँडच्या घराण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. बी-पेशींच्या, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, तीव्र ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) एका उपप्रकारात इपो-रिसेप्टरचं जनुक तुटून अँटिबॉडीच्या जनुकांशेजारी जाऊन बसतं. बी-पेशीत अँटिबॉडीची जनुकं जोरात चालतात, त्यामुळे रिसेप्टर भरमसाट बनतो. आणि तुटताना शेपटीचं टोकही जातं, आनुवंशिक आजारात जिथे जातं त्याच्याच आसपास. स्टॅट-५ चं टायरोसिन उरतं, अंकुश जातात. आपल्याला या पेशीत इपोचा रिसेप्टर अपेक्षितच नाही, पण तो असला की ती रक्तातल्या इपोवर वाढते.

एकाच तुकड्याचं छाटणं एका पेशीत सुवर्णपदकापर्यंत नेणारं रक्त देतं आणि दुसरीत ल्युकेमिया. फरक कशात आहे? लाल पूर्वपेशी संदेश जास्त ऐकत असली तरी तिच्यापुढे ठरलेली वाट आहे. काही विभाजनांनंतर तिला केंद्रक टाकून देऊन पेशीपण संपवायचंच आहे. बी-पेशीच्या पूर्वजाला असा शेवट नाही. त्यातच इतर बदलांनी तिचं परिपक्व होणं अडलेलं असतं. संदेश सारखाच, पण तो कुणाला पोचतो त्यावर त्याचं फळ ठरतं.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बनवायला लावणाऱ्या जी-सीएसएफ या वाढघटकाच्या रिसेप्टरमध्येही हीच कथा तिसऱ्या रूपात दिसते. जन्मतः न्यूट्रोफिल फार कमी असलेल्या मुलांना जी-सीएसएफ दिलं जातं. त्यांतल्या काहींच्या मज्जेत नंतर या रिसेप्टरची शेपटी छाटणारे बदल उद्भवतात. रॉटरडॅमच्या इव्हो टाऊ यांच्या गटाने हे १९९० च्या दशकात दाखवलं. इथेही आत ओढण्याची क्षमता जाते, सॉक्स-३ ची जागा जाते, आणि अशा रुग्णांत ल्युकेमियाकडे जायचा धोका वाढलेला आढळतो. या मुलांच्या मज्जेची वेळोवेळी तपासणी करायची आणि हा बदल दिसला की सावध व्हायचं, असा प्रघात त्यातूनच पडला.

सेंट ज्यूडच्या गटाने ल्युकेमियाच्या त्या पेशींवर रक्सोलिटिनिब हे जॅक-२ ला अडवणारं औषध वापरून पाहिलं. शेपटीवरचे अंकुश परत आणता येत नाहीत, पण शेपटीच्या मुळाशी बसलेलं विकर रोखता येतं. प्रयोगशाळेत आणि उंदरांत त्या पेशींची वाढ मंदावली. अशा प्रकारचा ल्युकेमिया झालेल्या मुलाच्या पेशींचा आरएनए वाचताना इपो-रिसेप्टरचं जनुकही नजरेखालून घालायला हवं, कारण नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी इतर ल्युकेमियाच्या पेशींसारखीच दिसते.